विकास आराखडा मंजूर होतो म्हणजे नेमके काय होते? मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याच्या निमित्ताने

८ मे २०१८ रोजी राज्य शासनाने बृहन्मुंबईचा सुधारित विकास आराखडा मंजूर केला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तो, सोबतच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीसह, अंमलात आला. त्या दिवसांतल्या बातम्यांत दहा लाख परवडणारी घरे आणि ऐंशी लाख रोजगार हे आकडे ठळकपणे छापून आले होते, त्यामुळे सरकार किंवा महापालिका आता एवढी घरे बांधणार आहे, असा अनेकांचा समज झाला. वास्तविक विकास आराखडा स्वतः काहीच बांधत नाही. कोणत्या जमिनीचा वापर कशासाठी करता येईल, तिच्यावर किती बांधकाम होऊ शकेल आणि कोणती जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवायची, हे तो कायद्याच्या बळावर ठरवून देतो. घरे बांधायची असतील तर ती कोणीतरी, केव्हातरी, त्या चौकटीत बसून बांधायची असतात. दहा लाख हा आकडा त्या चौकटीत किती घरे मावू शकतील याचा अंदाज होता, बांधकामाचे वेळापत्रक नव्हे.

या चौकटीचा आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. शहराच्या विकास आराखड्याची किमान वीस वर्षांतून एकदा सुधारणा करावी, असे या कायद्याचे कलम ३८ सांगते. मुंबईचा पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला. दुसरा १९८१ ते २००१ या काळासाठी होता, पण त्याला टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळता मिळता १९९४ उजाडले, म्हणजे आराखड्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य मंजुरीची वाट पाहण्यातच सरले. तिसरा २०१४ ते २०३४ साठीचा, तो २०१८ मध्ये लागू झाला. तोवर शहर जुन्याच आराखड्यावर चालत होते.

बृहन्मुंबईचे क्षेत्र सुमारे ४५८ चौरस किलोमीटर असले तरी महापालिकेचा आराखडा त्यातल्या सुमारे ४१५ चौरस किलोमीटरांनाच लागू होतो. वांद्रे-कुर्ला संकुल किंवा औद्योगिक महामंडळाची मरोळची वसाहत यांसारख्या भागांचे नियोजन वेगळ्या, विशेष नियोजन प्राधिकरणांकडे आहे. आपल्या घरासमोरच्या मोकळ्या भूखंडाचे पुढे काय होणार, हे विचारायला महापालिकेत गेल्यावर ‘तो भाग आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्यामागे टोलवाटोलवीच असेल असे नाही.

आराखड्यात तीन गोष्टी एकत्र असतात. शहराची लोकसंख्या, गरजा आणि धोरण मांडणारा अहवाल, प्रत्येक भूखंडाचा वापर रंगाने व खुणेने दाखवणारे नकाशे आणि बांधकामाचे नियम सांगणारी नियमावली. अहवाल वाचायला सर्वांत सोपा आणि व्यवहारात सर्वांत कमी उपयोगाचा असतो. नकाशा आणि नियमावली यांना कायद्याचे बळ असते. बिल्डर आणि वास्तुविशारद यांना नियमावली जवळजवळ तोंडपाठ असते, तर गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांच्या कानावर तिचे नाव पुनर्विकासाचा विषय निघाल्यावरच पडते.

आरक्षण म्हणजे ताबा नव्हे

आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत चुकीचा समजला जाणारा भाग म्हणजे आरक्षण. शाळा, दवाखाना, मंडई, मैदान, बाग, अग्निशमन केंद्र, नवा रस्ता अशा सार्वजनिक सोयींसाठी नकाशावर विशिष्ट जमीन राखून ठेवली जाते. ही जमीन बहुतेक वेळा महापालिकेची नसते, तर एखाद्या कुटुंबाची, न्यासाची, कंपनीची किंवा दुसऱ्या सरकारी खात्याची असते. आरक्षण पडल्याने तिची मालकी बदलत नाही. मालकाला ती मनाप्रमाणे वापरता येत नाही, एवढेच बदलते. जमिनीच्या व्यवहारात इसार न देताच कोणी भूखंड वर्षानुवर्षे अडवून ठेवला तर मालकाची जी गत होईल, तीच आरक्षित जमिनीच्या मालकाची होते.

२०३४ च्या आराखड्यात हा फरक खुणेतच दिसतो. एखाद्या सिटी सर्व्हे क्रमांकासाठी, म्हणजे भूखंडाच्या सरकारी नोंदीतल्या क्रमांकासाठी, महापालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय मागवला, ज्याला सगळे ‘डीपी रिमार्क’ म्हणतात, तर त्यात त्या जमिनीचा विभाग, तिला लागून असलेल्या रस्त्याची प्रस्तावित रुंदी आणि तिच्यावरची आरक्षणे लिहून येतात. तिथे मैदानापुढे ‘ईओएस’ अशी खूण असेल तर ते मैदान आज अस्तित्वात आहे, आणि ‘आरओएस’ असेल तर ते केवळ प्रस्तावित आहे. शाळा आणि रुग्णालयांच्या खुणांतही पहिले अक्षर असाच भेद करते. नकाशावर दोन्ही मोकळ्या जागा दिसतात. घर विकत घेताना ‘समोर बागेचे आरक्षण आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य ऐकल्यावर, खुणेतले पहिले अक्षर कोणते, एवढे पाहिले तरी पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

प्रस्तावित मैदान प्रत्यक्षात यायचे, तर महापालिकेने ती जमीन मिळवली पाहिजे. कायद्याचे कलम १२६ त्यासाठी तीन वाटा देते. मालकाशी वाटाघाट करून पैसे द्यावेत, किंवा पैशांऐवजी बांधकामाचा हक्क द्यावा, किंवा शासनामार्फत सक्तीने भूसंपादन करावे. तिसरी वाट २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर फार महाग झाली आहे, कारण त्या कायद्याने बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम देणे बंधनकारक केले, म्हणजे शहरात जमीन साधारण दुप्पट भावाने घ्यावी लागते. मुंबईतला जमिनीचा भाव पाहता एका वस्तीतल्या मैदानासाठी असा खर्च करताना कोणतीही महापालिका हात आखडता घेणारच.

म्हणून दुसऱ्या वाटेवर भर असतो. मालक जमीन महापालिकेच्या हवाली करतो आणि त्याबदल्यात त्याला विकास हक्क प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्रातले बांधकाम क्षेत्र तो दुसऱ्या भूखंडावर वापरू शकतो किंवा विकू शकतो. हाच तो टीडीआर. आणखी एक पद्धत समावेशक आरक्षणाची आहे. तिच्यात मालक स्वतःच दवाखाना किंवा मंडई यांसारखी सोय बांधून, ठरलेल्या जमिनीसह महापालिकेला देतो आणि उरलेल्या जमिनीवर स्वतःचे बांधकाम करतो. महापालिकेच्या तिजोरीतून पैसा जात नाही, ही या पद्धतींची जमेची बाजू. पण टीडीआर शेवटी कुठेतरी उतरतो, आणि जिथे उतरतो तिथल्या पाणी, मलनिस्सारण व रस्ते यांवर तेवढा भार वाढतो. मैदान एका वस्तीला मिळते आणि जास्तीचे मजले दुसऱ्या वस्तीच्या वाट्याला येतात.

एवढे करूनही किती आरक्षणे प्रत्यक्षात आली? पहिल्या आराखड्याची अंमलबजावणी जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी आणि दुसऱ्याची साधारण एक तृतीयांश झाली, असे मुंबईच्या बाबतीत सांगितले जाते. पैसा नसणे हे त्याचे एक कारण. पण अनेक आरक्षित जमिनींवर आधीपासून लोक राहत होते किंवा आरक्षणानंतर वस्ती उभी राहिली, आणि तिथल्या माणसांचे काय करायचे याचे उत्तर आराखड्याच्या रंगांत नव्हते, हे दुसरे आणि अधिक खोल कारण आहे.

२०१५ चा मसुदा आणि त्याचे पडणे

आराखडा तयार करण्याची कायदेशीर वाट थोडक्यात अशी आहे. महापालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, जमिनीचा सध्याचा वापर नोंदवणारा नकाशा बनवते, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवते. नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालक जास्तीत जास्त चार तज्ज्ञ नेमतात. समितीच्या अहवालानंतर आराखडा महासभेपुढे जातो आणि शेवटी राज्य शासन तो मंजूर करते. अंतिम अधिकार शासनाचा असतो, नगरसेवकांचा नाही. शासनाने मोठे बदल सुचवले, तर तेवढा भाग वगळून ठेवून त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. मुंबईच्या आराखड्यातले असे वगळलेले भाग नोव्हेंबर २०१८ मध्ये लागू झाले.

मुंबईत या वाटेवर पहिली ठेच लागली ती अगदी सुरुवातीला. सध्याच्या जमीन वापराचे नकाशे २०१२ च्या सुमारास जाहीर झाले, तेव्हाच नागरी गटांनी त्यांतल्या चुका दाखवायला सुरुवात केली होती. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु आज जमिनीवर काय आहे हेच चुकीचे नोंदले गेले, तर उद्याचे नियोजन त्याच चुकीवर उभे राहते. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा आला तेव्हा नेमके तेच दिसले. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी गळाल्या होत्या, किंबहुना त्या जागी दुसरेच वापर रंगवलेले होते. आरे वसाहतीचा भाग विकासासाठी खुला दाखवला होता आणि काही रेल्वे स्थानकांभोवती चटई क्षेत्र निर्देशांक ८ पर्यंत नेण्याचा, म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकामाचा, प्रस्ताव होता. कोळीवाडे आणि गावठाणांतल्या रहिवाशांना आपली वस्ती नकाशावर ओळखूच येईना.

हरकतींसाठी साठ दिवस होते. त्या काळात साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या. हमारा शहर मुंबई अभियानासारख्या मंचांनी वस्त्यांमध्ये बैठका घेऊन लोकांना आपापल्या भागाचा नकाशा वाचायला मदत केली होती. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या मसुद्याची चार महिन्यांत फेरतपासणी करून चुका दुरुस्त करण्याचे आदेश दिले आणि निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे ते काम सोपवण्यात आले. चार महिन्यांचे वर्षाहून अधिक झाले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावर पुन्हा हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०१७ च्या जुलैअखेरीस महासभेने शेकडो दुरुस्त्यांसह तो मंजूर करून शासनाकडे पाठवला. सुधारित आराखड्यात नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास, पाळणाघराची सोय असलेली केंद्रे, बेघरांसाठी निवारे आणि आधार केंद्रे यांनाही आरक्षणाच्या यादीत जागा मिळाली. शाळा-दवाखाना-मैदान या ठरलेल्या चाकोरीबाहेरच्या गरजा नकाशावर आल्या, हे या आराखड्याचे मोठेच श्रेय मानले पाहिजे.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचीही थोडीफार अशीच कथा आहे. २०१३ मध्ये प्रारूप प्रसिद्ध झाले, हरकतींचा डोंगर उभा राहिला, २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला.

किती बांधता येईल?

आराखड्याच्या चर्चेत सर्वांत जास्त उच्चारला जाणारा शब्द एफएसआय, म्हणजेच चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो सांगतो. मुंबई शहरात मूळ निर्देशांक १.३३ आणि उपनगरांत १ आहे. हे आकडे १९९१ च्या नियमावलीतही हेच होते आणि २०३४ च्या आराखड्यानेही तेच ठेवले. बदलले ते त्यावर मिळणारे वाढीव क्षेत्र.

मंजूर नियमावलीप्रमाणे शहर भागात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या १००० चौरस मीटरच्या निवासी भूखंडावर १३३० चौरस मीटर बांधकाम करता येते. तोच भूखंड २७ मीटर किंवा अधिक रुंद रस्त्यावर असेल तर ही मर्यादा ३००० चौरस मीटरपर्यंत जाते. उपनगरांत हीच मर्यादा १००० वरून २५०० होते. वाढीव क्षेत्रापैकी काही भाग शासन व महापालिकेला अधिमूल्य (प्रीमियम) भरून घ्यायचा आणि काही भाग टीडीआर विकत घेऊन. व्यापारी वापरासाठी अटींसह निर्देशांक ५ पर्यंत जाऊ शकतो. ठरावीक अधिमूल्य भरून या मर्यादेखेरीज मिळणारे जास्तीचे बांधकाम, ज्याला प्रतिपूरक क्षेत्र म्हणतात, ते याहून निराळे.

यातून दोन गोष्टी निघतात. रस्त्याची रुंदी हा आता केवळ रहदारीचा प्रश्न राहिलेला नाही. नकाशावर रस्त्याची रेघ काही मीटरने रुंद झाली, तर तिच्या कडेच्या प्रत्येक जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचे गणित बदलते. दुसरे म्हणजे, बांधकामाचा हक्क हे महापालिका व शासनाच्या उत्पन्नाचे साधन झाले आहे. ज्यांनी बांधकामावर मर्यादा घालायची, त्यांनाच जास्त बांधकामातून पैसा मिळतो. हा पेच मुंबईपुरता नाही, पण मुंबईत तो सर्वांत मोठ्या रकमांनिशी उभा आहे.

मंजुरीनंतरचे बदल

मंजूर झालेला आराखडा वीस वर्षे तसाच राहतो, हा समजही खरा नाही. कलम ३७ नुसार त्यात फेरबदल करता येतो. महापालिका ठराव करते, जाहीर सूचना देऊन एक महिन्याच्या आत हरकती मागवते आणि प्रस्ताव शासनाकडे पाठवते. शासन स्वतःहूनही असा फेरबदल सुरू करू शकते. एकेका भूखंडाचे आरक्षण हलवणे, नियमावलीतल्या एखाद्या पोटकलमाची भाषा बदलणे असे त्याचे स्वरूप असते, त्यामुळे त्याची बातमी फारशी होत नाही.

अशा एका बदलाने काय होऊ शकते, हे गिरणगावाने पाहिले आहे. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाची वाट ठरवली होती. जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी ती वाटणी होती. शहराच्या ऐन मध्यावर सुमारे ६०० एकरांत पसरलेल्या ५८ गिरण्या, त्यामुळे बागा आणि घरे या दोन्हींसाठी अशी संधी पुन्हा येणारी नव्हती. २००१ मध्ये या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होऊ लागली. गिरणीची इमारत पाडून जी जमीन मोकळी होईल, ती हिशेबातून बाहेर पडली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? सगळा भार शेड, गोदामे आणि खात्यांचाच. महापालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याला येणारी जमीन त्यामुळे पार आटली.

या बदलाविरुद्ध याचिका झाली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा नियम वैध ठरवला. आज परळ-लोअर परळच्या मनोऱ्यांमध्ये मैदाने शोधावी लागतात, त्यामागे १९९१ चा आराखडा जितका आहे त्याहून अधिक त्याच्यातला दहा वर्षांनी झालेला बदल आहे.

म्हणूनच २०१५ मध्ये साठ हजारांहून अधिक हरकती नोंदवणारे शहर २०१८ नंतर मात्र फारसे बोलत नाही, हे मला काळजीचे वाटते. नव्या नियमावलीतही मंजुरीनंतर अनेक फेरबदल झाले आहेत. त्यातच मार्च २०२२ पासून पुढची काही वर्षे मुंबई महापालिकेवर निवडून आलेली सभा नव्हती, प्रशासक होते. महासभेत होणारी चर्चा, कितीही गोंगाटाची असली तरी, निदान एखादा प्रस्ताव आला आहे एवढे तरी लोकांना कळवते. प्रशासकाच्या काळात ते काम केवळ जाहीर सूचनेवर राहते, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली सूचना एक महिन्याच्या आत वाचणारे किती असतात, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आरक्षणाला मात्र एक मुदत आहे आणि ती मालकाच्या बाजूची आहे. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालक नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे इथे महापालिकेला, नोटीस देऊ शकतो. पूर्वी या नोटिशीनंतर बारा महिने असत, २०१५ च्या दुरुस्तीने ते चोवीस महिने झाले. तेवढ्या काळात जमीन घेतली गेली नाही किंवा संपादनाची ठोस पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर मिळतो तो मालकाला मिळतो. संपादनाचे नुसते पत्र शासनाकडे पाठवणे हे पाऊल धरले जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. मधल्या काळात सुधारित आराखडा लागू झाला आणि मालकाने तोवर नोटीस दिलेली नसेल, तर दहा वर्षांची गणना नव्याने सुरू होते, हेही न्यायालयाने मान्य केले आहे. म्हणजे जुन्या आराखड्यातून पुढे आलेल्या कित्येक आरक्षणांना २०१८ मध्ये दहा वर्षांचे नवे आयुष्य मिळाले.

१ सप्टेंबर २०१८ पासून मोजले तर ही दहा वर्षे २०२८ मध्ये भरतात. त्यानंतर ‘आरओएस’, शाळा किंवा रुग्णालयाची खूण असलेल्या आणि तोवर ताब्यात न आलेल्या प्रत्येक खासगी भूखंडाच्या मालकाला नोटीस देता येईल. आपल्या प्रभागात असे भूखंड कोणते आणि त्यांपैकी कोणत्यांच्या संपादनाचा प्रस्ताव महापालिकेने पुढे नेला आहे, ही माहिती माहितीच्या अधिकारात आजही मागता येते. नकाशे महापालिकेच्या संकेतस्थळावर आहेत आणि सिटी सर्व्हे क्रमांक मालमत्ता पत्रकावर लिहिलेला असतो.